मंगलला पत्र : लेकीच्या जेवणाबद्दल

पुणे,
रविवार दुपार

प्रिय मंगल,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू इतकी घाबरलेली होतीस की मी फार काही बोलले नाही. आज निवांत आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. अनू काल संध्याकाळी माझ्याकडे आली, रात्री राहिली आणि आज सकाळी थालीपीठ-दही खाऊन रूमवर गेली. आमच्या भरपूर गप्पा झाल्या. तिच्या परवानगीनेच हे लिहिते आहे, तेव्हा तिच्यावर रागावू नकोस.

आधी तुझी भीती. कॉलेजच्या रक्तदान शिबिरात तिचं हिमोग्लोबिन ९.८ निघालं. रक्त द्यायला किमान १२.५ लागतं, म्हणून तिला परत पाठवलं. बाईमाणसाचं १२ च्या खाली गेलं की डॉक्टर त्याला रक्तक्षय म्हणतात. ती डॉक्टरांकडे जाऊन आली आहे. त्यांनी पाळीत जास्त जातं का ते विचारलं, जंतांची गोळी दिली, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि ब-१२ तपासायला रक्त घेतलं. हे योग्यच झालं. शिक्षण सोडवून तिला अंबाजोगाईला परत आणायचा विचार मात्र डोक्यातून काढून टाक.

अशी ती एकटी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्क्यांना रक्तक्षय आढळला होता. देशाचा आकडा ५७ आहे. हे मी दिलासा म्हणून सांगत नाही. ‘सगळ्याच पोरींचं असतं’ असं म्हणत आपण हे पिढ्यान्‌पिढ्या चालू दिलं, याचीच मला चीड येते. वर्गात दुपारच्या तासाला मान टाकणाऱ्या मुली मी वर्षानुवर्षं बघते आहे. त्यांना आळशी म्हटलं जातं. जिना चढताना धाप लागणारी वीस वर्षांची मुलगी आळशी कशी असेल?

आता तिचा दिवस सांगते, कारण सगळी गोम त्यातच आहे.

चार मुलींची खोली, कॉट बेसिसवर. मालकीणबाईंची ताकीद आहे की खोलीत शेगडी चालणार नाही, इंडक्शनही नाही. सकाळी नऊला पहिला तास. रात्री उशिरापर्यंत अभ्यासिकेत बसायचं, मग साडेआठला कसंबसं उठायचं, बाथरूमसाठी रांग, आणि कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमध्ये चहा नि क्रीमरोल. हा नाश्ता. मेस बारा ते दोन. आठवड्यातले तीन दिवस प्रॅक्टिकल अडीचपर्यंत चालतं, म्हणजे ती पोचते तेव्हा मेसच्या काकू भांडी घासायला काढत असतात. त्या दिवशी वडापाव, नाहीतर सामोसा. रात्री मेस साडेसातला उघडते, तेव्हा कुठे पहिल्यांदा तिच्या पुढ्यात ताट येतं. रविवारी दुपारी फीस्ट, संध्याकाळी मेस बंद, म्हणजे रात्री मॅगी किंवा काहीच नाही. खाडा धरायचा, म्हणजे न जेवल्याचे पैसे कापून घ्यायचे, तर आदल्या दिवशी सांगावं लागतं, तोही सलग दोन दिवसांचा. त्यामुळे प्रॅक्टिकलच्या दुपारचे पैसे मेसला जातात आणि वडापावचे वेगळे.

ताटात काय असतं तेही विचारलं. तीन चपात्या, बटाट्याचा रस्सा किंवा बटाटा-फ्लॉवर, पातळ वरण, भात, लोणचं. दह्याची वाटी हवी तर पैसे जास्त. कोशिंबीर सणासुदीला. पालेभाजी आठवड्यातून एकदा, तीही डाळीत हरवलेली.

मेसवाल्या काकूंना मी दोष देणार नाही. अशा बहुतेक मेस घरातल्या एका बाईच्या आणि हाताखालच्या दोघींच्या जिवावर चालतात. बटाटा स्वस्त, टिकतो, पटकन चिरून होतो, पोट भरतो. मेथीच्या वीस जुड्या निवडायला माणूस लागतं आणि ती दुसऱ्या दिवशी पिवळी पडते. सिलिंडर महागलं तरी पोरांना दर वाढवून चालत नाही, ती दुसऱ्या मेसला जातात. त्या गणितात भाजी आटत जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये नवी आहार मार्गदर्शिका काढली. त्यात २००० कॅलरींच्या दिवसाच्या जेवणात ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं आणि ३०० मिली दूध-दही धरलं आहे. अनूच्या दिवसात भाजी असते ती दोन डाव, आणि फळ घरून कुणी आणलं तर.

प्रथिनांचा हिशेब आम्ही दोघींनी कागदावर मांडला. किलोमागे ०.८३ ग्रॅम या मापाने तिच्या ४८ किलो वजनाला रोज साधारण ४० ग्रॅम लागतात. आपलं जेवण मुख्यतः धान्याचं, म्हणून थोडी जास्तच धरावीत. एका चपातीतून तीनेक ग्रॅम मिळतात. ज्या दिवशी दुपारचं जेवण हुकतं, त्या दिवशी ती निम्म्याच्या आसपास रेंगाळते. तुमचं घर माळकरी, त्यामुळे अंड्याचा प्रश्नच नाही, आणि मी तिला त्याचा आग्रहही केला नाही. मग उरतात डाळी, शेंगदाणे, फुटाणे, दूध, दही, ताक. त्यावर भागतं, पण ते रोज पोटात जायला हवं. ब-१२ मात्र पालेभाज्यांत नसतं. शाकाहारी माणसाला ते दुधा-दह्यातूनच मिळणार, आणि तिने तर दूध सोडूनच दिलं आहे. तपासणीत कमी निघालं तर डॉक्टर सांगतील ते औषध तिने घ्यावं, त्यात धर्म आड येत नाही.

लोहाबद्दल तुला नीट सांगते, कारण तू मला गूळ-शेंगदाणे आणि बिटाचा रस विचारलास. शेंगदाणे जरूर पाठव. पण गुळाच्या खड्यातून येणारं लोह थोडंच, आणि बीट रंगाने लाल असलं तरी त्यात लोह बेताचंच असतं. तिच्या वयाच्या मुलीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह हवं असं आपल्याकडचं प्रमाण आहे, मुलाला १९. ९.८ वरून वर यायचं तर आत्ता गोळीच लागेल, आणि हिमोग्लोबिन सुधारल्यावरही डॉक्टर म्हणतील तितके महिने ती चालू ठेवावी लागेल, म्हणजे शरीरातला साठा भरून निघतो. गोळीने शौच काळसर होते, त्याला घाबरायचं नाही. मळमळलं तर डॉक्टरांना विचारायचं, परस्पर बंद करायची नाही. आणि जेवणानंतर लगेच चहा नको. चहातली द्रव्यं अन्नातलं लोह शरीराला घेऊ देत नाहीत. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा टाळला, वरणावर लिंबू पिळलं, जेवणाबरोबर एखादा पेरू खाल्ला, तर तेच अन्न जास्त उपयोगी पडतं. पेरूत संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त क जीवनसत्त्व असतं. मंडईत आता पेरू आलेत, ती जाता-येता घेऊ शकते.

श्रावण आहे म्हणून आणखी एक. तिच्या खोलीतल्या चौघी सोमवार धरतात. मला वाटलं श्रद्धेने. खोदून विचारलं तर कळलं की त्यात एक वेळचा खर्चही वाचतो. साबुदाण्याची खिचडी दुपारी, रात्री वेफर्स. साबुदाण्यात पिष्टाखेरीज, म्हणजे स्टार्चखेरीज, जवळजवळ काही नसतं, जी काही जान आहे ती त्यातल्या दाण्याच्या कुटाची. सासूबाईंना माझं नाव सांगून विचार की हे वर्ष अनूने सोमवार सोडला तर चालेल का. चालत नसेल तर भगर, दाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू आणि वाटीभर दही, इतकं तरी ठरवून द्यावं.

मंगल, पैशाचं मात्र तुला माहीत नसेल. खोलीचं भाडं ठरलेलं, फी ठरलेली, अभ्यासिकेची वर्गणी ठरलेली. झेरॉक्स, पुस्तकं, बसपास टळत नाहीत. तिच्या हातात कमी-जास्त करता येण्यासारखं एकच उरतं, जेवण. महिन्याच्या अखेरीस चणचण आली की पोरं पोटाला चिमटा घेतात आणि घरी सांगत नाहीत, कारण घरी सोयाबीनला काय भाव मिळाला ते त्यांना ठाऊक असतं. तिनेही तुम्हाला सांगितलं नाही ते याचसाठी. भाऊजींना सांग, दूध-दही-फळांचे पैसे वेगळे म्हणून पाठवा, थोडे का असेनात, आणि ते कशावर गेले याचा हिशेब तिला मागा. तिला ते ओझं वाटणार नाही. उलट ते पैसे खाण्यावर खर्चायची परवानगी मिळाल्यासारखं होईल.

तुझ्या शेजारच्या मुलाबद्दल विचारलं होतंस. तो अनुसूचित जातीतला असेल आणि त्याला सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नसेल, तर त्याला स्वाधार योजनेचा अर्ज करायला लाव. पुण्या-मुंबईसारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपयांची तरतूद आहे, त्यातले ३२,००० फक्त भोजनासाठी. शिकणाऱ्या मुलाच्या जेवणाचा वेगळा आकडा कागदावर लिहिला गेला, हे मला फार मोलाचं वाटतं. शिकायचं तर आधी राहण्या-जेवणाची सोय हवी, हे शाहू महाराजांनी ओळखलं होतं. १९०१ साली कोल्हापुरात त्यांनी बोर्डिंग काढलं ते म्हणूनच. पुण्यात तर एके काळी गरीब मुलं वार लावून जेवत, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. खेड्यातून आलेल्या मुलांसाठी १९५५ मध्ये अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी सहायक समिती सुरू केली. आता पोरं लाखांनी येतात आणि त्यांचं जेवण आपण बाजारावर सोडून दिलं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये कॅम्पसवरचं जंक फूड बंद करा म्हणून पत्रं काढली. हेतू चांगला. पण सामोसा बंद करून पोराचं पोट भरत नाही. सकाळी आठला वाटीभर मटकीची उसळ आणि ताक परवडणाऱ्या दरात मिळालं पाहिजे, आणि प्रॅक्टिकल संपेपर्यंत कँटीनची चूल पेटती राहिली पाहिजे. मी आमच्या कॉलेजात हे सतत मांडते आहे आणि मांडत राहणार.

तू म्हणालीस, ‘वजन तर वाढलेलं नाही, बारीक आहे, मग आजार कुठून?’ पुण्यातल्याच केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी हा समज खोडून काढला आहे. त्यांचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश डॉक्टरांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात छापला गेला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. आपली माणसं बारीक दिसूनही आतून चरबी बाळगतात आणि स्नायू कमी असतात. वडापाव, चहा-बिस्किटं आणि बैठा अभ्यास यांवर हीच ठेवण पक्की होते. अनूला मी रोज अर्धा तास चालायला सांगितलं आहे. ती आणि तिची मैत्रीण कॉलेजातून परत येताना बस सोडून चालत येणार आहेत.

आम्ही जे ठरवलं ते थोडकंच आहे, म्हणजे पाळता येईल. रात्री नऊनंतर चहा नाही. चहातलं कॅफीन बराच वेळ अंगात राहतं, झोप लांबते, मग सकाळ बुडते आणि नाश्ताही. झोपताना मूठभर हरभरे किंवा मूग भिजत घालायचे, त्याला शेगडी लागत नाही. सकाळी त्यावर कांदा, टोमॅटो, लिंबू. प्रॅक्टिकलच्या तीन दिवशी काकू सकाळी साडेअकराला डबा भरून देणार आहेत. अनूने स्वतः जाऊन विचारलं आणि त्या लगेच हो म्हणाल्या, आणखी दोन मुलींचेही डबे भरणार आहेत. दह्याची वाटी रोज. त्याचेच पैसे मी वर म्हटले.

तू पाठवशील तेव्हा चिवडा-शंकरपाळी कमी कर. दाण्याची चटणी, जवसाची चटणी, मेतकूट, डाळ्याचे लाडू, अळिवाचे लाडू आणि सातूचं पीठ दे. सातूचं पीठ ताकात कालवून खाता येतं. कुणी येणारं असेल तर धपाटे दे, दोन-तीन दिवस टिकतात आणि खोलीतल्या चौघीही जेवतील. फोनवर ‘जेवलीस का?’ विचारू नकोस, त्याला ती नेहमी हो म्हणते. ‘काय काय जेवलीस?’ असं विचार.

आणि तुझंही रक्त तपासून घे. तुझी कंबर, तुझा थकवा मी किती दिवस ऐकते आहे. सगळ्यांची पानं झाल्यावर उरलेलं खायची तुझी सवय अनूने बघितलेली आहे. अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय आहेच, सकाळी लवकर जा. रिपोर्ट आला की फोटो काढून मला पाठव.

ब-१२ चा निकाल मंगळवारी येणार आहे. अनूबरोबर डॉक्टरांकडे मी जाणार आहे आणि रात्री तुला फोन करीन. भाऊजींना आणि सासूबाईंना नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद.

तुझीच,
सुलू