बागेत टायरचा चुरा नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टायरच्या चुऱ्याने बागा सजवण्याची बातमी आपण काल पहिल्या पानावर छापलीत. उद्यान विभागाची बाजू सविस्तर आली, पण तिथे खेळणाऱ्या पोरांच्या घरच्यांना कुणीच विचारलेलं दिसलं नाही, म्हणून लिहिते.

आमच्या जवळच्या बागेत हा चुरा गेल्या वर्षीच आला. झोपाळ्याखालची वाळू उचलून त्या जागी तो ओतला. एप्रिलमध्ये संध्याकाळी पाचच्या सुमारास नातवाची चप्पल घसरगुंडीवरच निसटली आणि तो अनवाणी त्या चुऱ्यात उतरला. जो किंचाळला! तळवे लालबुंद झाले होते. घरी आणून पाय बादलीत बुडवले, तर तळाशी काळी भुकटी बसली. लहान मुलं हेच हाताला लागलेलं तोंडात घालतात. तक्रार केल्यावर उपाय काय, तर माळी रोज त्यावर पाइपने पाणी मारतो. त्याच महिन्यात आमच्याकडे नळाला दिवसाआड पाणी होतं.

घसरगुंडीखाली मऊ काहीतरी हवंच, यात वाद नाही. पण अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या पुस्तिकेत दहा फुटांवरून पडण्यासाठी सहा इंच रबराचा चुरा चालतो, तसा नऊ इंच लाकडाच्या ढलप्यांचा थरही चालतो. पावसाळ्याआधी उद्यान विभाग फांद्या छाटून ट्रकच्या ट्रक भरून नेतो, त्यांच्या ढलप्या का करत नाही?

युरोपीय संघाने अशा चुऱ्यातल्या कर्करोगकारक हायड्रोकार्बन्सवर किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा ऑगस्ट २०२२ पासून घातली. कृत्रिम हिरवळीवर पसरायचा सुटा चुरा तर तिथे ऑक्टोबर २०३१ नंतर विकताच येणार नाही. आपल्या टेंडरमध्ये अशी एकतरी अट आहे का? चुऱ्याची तपासणी झाली असेल तर तो अहवाल बागेच्या फाटकावर लावा. जुन्या टायरांची विल्हेवाट लावायची आहे हे कळतं, पण ती मुलांच्या पायाखाली कशाला?

आणि झाडांच्या बुंध्याशीही हाच चुरा घातला आहे. तिथे खरं तर वाळलेला पाला पसरायचा. तो मात्र रोज सकाळी बागेच्या मागच्या भिंतीशी पेटवतात. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच बंदी घातली असून पाच हजारांचा दंड ठरवला आहे. तो कुणाकडून वसूल करणार, हे मी लेखी विचारलं आहे. अजून उत्तर नाही.

– एक वाचक