शनिवारच्या भट्टीसाठी आठवण

मंडळी, शनिवारी पानं-फुलांच्या डिझाइनची, काच तापवून एकमेकांना जोडायची भट्टी लावतोय, काचेचे तुकडे शुक्रवार संध्याकाळपर्यंत आणून ठेवा. सगळ्यात महत्त्वाचं, काच ९० सीओईची (म्हणजे तापल्यावर काच किती प्रसरण पावते त्याचा आकडा) आहे की ९६ची ते प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहाच, कारण एकाच तुकड्यात दोन्ही मिसळल्या तर थंड होताना त्या वेगवेगळ्या आकसतात आणि तडा जातो, कधी कधी चार दिवसांनी सुद्धा, आणि मग इतकी मेहनत वाया गेली की खरंच जीव हळहळतो.

यावेळी टॅक फ्यूज आहे, साधारण ७५० अंश सेल्सिअस, यात तुकडे चिकटतात पण पूर्ण वितळून सपाट होत नाहीत, म्हणजे पानांच्या शिरा उठून दिसतील. पूर्ण सपाट हवं असेल त्यांनी थांबा, ८०० च्या आसपासची फुल फ्यूज वेगळी लावू.

खरं पान काचेत घालायचं असेल तर ते जळून राखेचा ठसा उरतो आणि बुडबुडे येतात, मला तो ठसा फार आवडतो पण आधी सांगा. काच नीट पुसून आणा, बोटांचे डाग भाजल्यावर तसेच राहतात. भट्टीतल्या शेल्फला किलन वॉश (काच शेल्फला चिकटू नये म्हणून लावायचा लेप) मी लावून ठेवते.

आणि प्लीज, रविवारी मी सांगेपर्यंत झाकण कुणीही उघडू नका, अगदी डोकावायला पण नाही.