दिल्लीची तिकिटं काढली आहेत

दिल्ली, 17 जानेवारी

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर विचारलं असतं तर बाबा "बघू" म्हणाले असते आणि विषय तिथेच राहिला असता. म्हणून आधी तिकिटं काढली, मग लिहायला बसले. 16 फेब्रुवारी, गोवा एक्सप्रेस, सांगलीहूनच, सेकंड एसी, दोन्ही बर्थ खालचे. परतीचं 1 मार्चचं. महाशिवरात्र घरी करून निघायचं आणि होळीच्या सुमाराला घरी परत. आईचं हळदीकुंकूही तोवर आटपलेलं असेल. विमान मुद्दामच घेतलं नाही: पुण्यापर्यंतचा रस्ता, विमानतळावरची चालाचाल आणि बाबांचे कान, यापेक्षा दोन रात्री आडवं पडून येणं बरं. पैशांचा विषय काढू नका, बाबा. ज्येष्ठांची सवलत 2020 पासून बंद आहे हे मलाही माहीत आहे, पण खालच्या बर्थचा कोटा अजून आहे आणि तो मिळाला.

दिवाळीत मला येता आलं नाही आणि तुम्हालाही बोलावलं नाही, हे आईच्या मनात आहे. आई, बोलावलं नाही ते इथल्या हवेमुळे. ऑक्टोबर संपताना दिल्लीत जो धूर साचतो तो तुझ्या छातीला झेपणारा नाही. जानेवारीत धुकं, गाड्या तासन्‌तास उशिरा, आणि ऊन पडलं तरी अंगाला लागत नाही. एप्रिलमध्ये पारा चाळिशीकडे धावतो. या सगळ्याच्या मधे फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा बसतो. सकाळी दहा-बारा अंश, दुपारी बावीस ते पंचवीस, वारा सुटलेला, आणि सगळ्या शहरात फुलं. इतकी मऊ दिल्ली वर्षात पुन्हा दिसत नाही. ती तुम्ही पाहावी असं फार वाटतं, आणि गुडघे अजून साथ देताहेत तोवर पाहावी असंही वाटतं. रागावू नका.

आता हवेचं नीट सांगते, म्हणजे आई घाबरणार नाही. थंडीत रात्री जमीन गार होते, तिच्यालगतची हवाही गार आणि जड होते, आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. धूर त्या झाकणाखाली अडकतो. ऊन चढलं, जमीन तापली की झाकण उचललं जातं आणि हवा मोकळी होते. म्हणून पहाटेचं फिरणं इथे बंद. बाबांचा साडेपाचचा फेरा दोन आठवडे विसरायचा. आपली वेळ सकाळी दहा ते दुपारी चार. सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि गारवा झपाट्यानं उतरतो, तेव्हा साडेचारला घराकडे वळायचं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' नावाचं ॲप आहे, त्यावर मी रोज सकाळी आकडा बघेन. वाईट असेल त्या दिवशी घरी बसून पत्ते.

घरचं सांगते. तुमची खोली दक्षिणेकडची आहे. थंडीत सूर्य खालून जातो, त्यामुळे ऊन थेट पलंगापर्यंत येतं. कमोड आहे, भिंतीला धरायला दांडा बसवून घेतला आहे, गीझर सकाळी मीच लावेन. फरशी मात्र बर्फासारखी असते, म्हणून दोघांना घरात घालायच्या सपाता आणून ठेवल्या आहेत. त्या घालायच्याच, आई, देवासमोर काढल्या तर खाली सतरंजी असेल. हीटर तेलाचा आहे. तो हवा फारशी कोरडी करत नाही आणि त्यात लाल तापलेली तार नसते, पण झोपताना बंद करायचा आणि खिडकी बोटभर उघडी ठेवायची. खोबरेल तेल इथे बाटलीत गोठतं, ते तिळाच्या तेलात मिसळून ठेवते म्हणजे रात्री बाबांच्या पायाला लावताना खटपट नको. तूरडाळ, साबुदाणा, शेंगदाण्याचं कूट सगळं घरात आहे. ज्वारीचं पीठ तेवढं आण, दोन किलो, जास्त नको. हळद, बेदाणे आणि भडंग यांची पोती बांधायची नाहीत. बॅगा दोनच, चाकांच्या.

कपडे. बाबांचा तो जाड लोकरी कोट आणू नका. एकच जाड कपडा दुपारी नको होतो, मग तो हातात घेऊन फिरायचं आणि संध्याकाळी घामट अंगावर चढवायचा. गारठा असाच बाधतो. आतून पातळ थर्मल, त्यावर सदरा, त्यावर हाफ स्वेटर, वर वाऱ्याला अडवणारं जाकीट. ऊन चढेल तसा एकेक थर उतरवायचा. आई, साडीच्या आत थर्मलची विजार घाल, कोणाला दिसत नाही. कानटोपी दोघांनाही. पायांत मोजे आणि बूट, चपला नकोत.

आता काय बघायचं ते. एका दिवशी एकच ठिकाण, आणि दर दोन दिवसांनी एक दिवस घरी. यादी लहान वाटेल, पण दिल्लीत माणूस दमतो तो ठिकाणांनी नाही, ठिकाणांमधल्या अंतरांनी.

पहिलं अमृत उद्यान, राष्ट्रपती भवनाच्या मागचं. 2023 पर्यंत त्याला मुघल गार्डन म्हणत. एरवी बहुतेक बंद असतं, सर्वांसाठी उघडतं ते मुख्यतः फेब्रुवारी-मार्चात. प्रवेश फुकट, पण वेळ आधी नोंदवलेली बरी. आपली नोंदणी मी राष्ट्रपती भवनाच्या संकेतस्थळावर करते. प्रवेश 35 नंबरच्या फाटकातून, आणि केंद्रीय सचिवालय मेट्रो स्टेशनापासून तिथवर बस सोडतात. आधार कार्ड बरोबर ठेवा. खाण्याचा डबा आत नेता येत नाही, म्हणून बाबांनी नाश्ता करून आणि गोळी घेऊनच निघायचं. छोटी पर्स, मोबाईल, पाण्याची बाटली चालते. गुलाबांच्या शंभरावर जाती आहेत, त्यांत अर्जुन आणि भीम नावाचेही आहेत. आई, तुझ्या कुंडीतल्या गुलाबाला काळे ठिपके का पडतात ते विचारायला तिथल्या माळ्यांइतकं योग्य कोणी नाही. जरूर विचार, लाजू नकोस.

ट्यूलिप शांतिपथावर बघायचे, चाणक्यपुरीत, रस्त्याच्या कडेच्या हिरवळीवर. तिथे तिकीट नाही, रांग नाही. मात्र अकराच्या आत जाऊन उपयोग नाही. ट्यूलिपच्या पाकळीची आतली बाजू उबेत भराभर वाढते आणि फूल उघडतं. गारव्यात बाहेरची बाजू वाढते आणि ते मिटतं. सकाळी नऊला गेलं तर सगळे ताठ मिटलेले दांडे दिसतात. बारा वाजता तेच फूल वाटीसारखं उघडलेलं असतं, आणि वरून वाकून पाहिलं तर तळाशी काळसर किंवा पिवळा तारा दिसतो, त्यात सहा पुंकेसर. लोक लांबून फोटो काढून निघून जातात, तो तारा बघतच नाहीत. कंद मुख्यतः नेदरलँड्सहून येतात, कारण पुन्हा फुलायला त्यांना जी लांबलचक थंडी लागते ती दिल्लीत मिळत नाही. बहर दोन-तीन आठवड्यांचा. मधेच ऊन तापलं की लवकर आटोपतो, म्हणून आल्यावर पहिल्याच मोकळ्या दिवशी हे उरकायचं.

त्याच भागात, बाबा, तुमचं ठिकाण: राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय. आप्पांच्या तोंडून जो 'खेकडा' आपण सगळ्यांनी ऐकला, बोरघाटात आणि थळघाटात गाड्या ओढणारा, त्यातलं 'सर लेस्ली विल्सन' नावाचं इंजिन इथे उभं आहे, 1928 सालचं. मधे डबा आणि दोन्ही टोकांना लांब नाकं. घाटातल्या वळणावर ती नाकं डब्यापासून वेगळी वळतात. विजेचं इंजिन असूनही चाकांना जोडणाऱ्या दांड्या आहेत, वाफेच्या इंजिनासारख्या. खाली वाकून त्या दांड्या बघा. वाकताना माझा हात धरा. पलीकडे पतियाळा संस्थानची मोनोरेल आहे: खाली एकच रूळ, आणि तोल सांभाळायला बाजूला रस्त्यावर चालणारं मोठं चाक. हे सगळं उघड्या आवारात आहे, म्हणून टोपी हवी. तिथे तुम्ही तीन तास रमाल हे मी धरूनच चालले आहे. आईसाठी घडीची खुर्ची आणि विणकाम बरोबर घेऊ.

हुमायूनची कबर आणि सुंदर नर्सरी शेजारी-शेजारी आहेत, तरी दोन वेगळे दिवस ठेवले आहेत. कबरीच्या चौथऱ्यावर जायच्या पायऱ्या उंच आणि उभ्या आहेत, हात धरायला आधार कमी. बाबा, वर चढलंच पाहिजे असं काही नाही. समोरच्या पाण्याच्या पाटाजवळून इमारत पूर्ण दिसते, लाल दगड आणि पांढरा संगमरवर दोन्ही. वर गेल्यावर तीच नजरेत मावत नाही. आत शिरल्यावर उजव्या हाताला इसा खानाची कबर आहे, हुमायूनच्या आधीची, 1547 ची, आठ कोनी. ती सहसा शांत असते. पुरातत्त्व खात्याचं तिकीट खिडकीवर 40 रुपये, मोबाईलवरून काढलं तर 35. पाच रुपयांपेक्षा रांग वाचते हे महत्त्वाचं. सुंदर नर्सरीत सपाट वाटा, भरपूर बाकं आणि जुनी मोठी झाडं. रविवारी मात्र तिथे सतरंजी टाकायला जागा नसते, तेव्हा मंगळवार किंवा बुधवार.

सोमवारचं लक्षात ठेवा: अमृत उद्यान, लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, रेल्वे संग्रहालय, अक्षरधाम, सगळं बंद. 23 तारीख सोमवार आहे, त्या दिवशी लोदी उद्यान. ते रोज उघडं असतं आणि तिकीट नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकातले घुमट आणि मधे हिरवळ. फेब्रुवारीच्या शेवटी काटेसावर फुलायला लागते. एकही पान नसलेल्या झाडावर लाल फुलं, आणि त्यांत मध प्यायला साळुंक्या आणि पोपट. खाली पडलेलं फूल उचलून बघा, हाताला जड लागतं. आपल्याकडचीच सावर आहे, पण बाक तिच्याखालीच मिळतो.

घर मयूर विहारला आहे, तिथून गुलाबी लाइननं सरळ दिल्ली हाट-आयएनए, तिथे पिवळी लाइन पकडून पुढचंच स्टेशन जोरबाग, की लोदी उद्यान. प्रत्येक स्टेशनला लिफ्ट आहे. सरकत्या जिन्यावर चढायचं नाही, दोघांनीही. बाबा, हे गुडघ्यांवरून बोलणं नाही. तिथली ताकद वाचवून तीच बागेत वापरायची, इतकंच. डब्यात ज्येष्ठांच्या राखीव जागा असतात. कोणी बसलं असेल तर सांगायचं, उठतात. सकाळी साडेआठ ते दहा आणि संध्याकाळी साडेपाचनंतर मेट्रोत पाय ठेवायचा नाही.

कुतुबमिनार एका दुपारी. वर चढणं 1981 च्या दुर्घटनेनंतर बंद झालं, तेव्हा जिन्याची काळजी नाही. जुन्या दिल्लीत मोजून दोन तास: चांदणी चौकाचा मुख्य रस्ता दिवसा मोटारींना बंद असतो, सायकलरिक्षा करू. तिथे थंडीतच मिळणारी दौलत की चाट असते, दुधाचा फेस, वर केशर आणि खवा. ऊन वाढलं की फेस बसतो, म्हणून होळीच्या सुमाराला ती दिसेनाशी होते. बाबा, तुम्हाला दोन चमचे, आणि त्या दिवशी चहा बिनसाखरेचा. भाजलेलं रताळं मात्र निम्मं चालेल, लिंबू पिळून.

तालकटोऱ्यालाही नेईन. 1737 ला बाजीराव दिल्लीवर आला तेव्हाची लढाई तिथली. पाहण्यासारखं आता फक्त उद्यान आहे, पण बाबांना त्या मातीवर उभं राहायचं असेल.

सूरजकुंडचा हस्तकलांचा मेळा या वेळी नाही. गर्दी आणि धूळ आईला चालणार नाही. हे ठरलेलं आहे, पुन्हा चर्चा नको.

निघायच्या आधीची कामं. याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि फ्लूची लस घ्यायची का ते विचारा. लस लागू व्हायला दोन आठवडे जातात, त्यामुळे उशीर नको. आईचा इन्हेलर डॉक्टरांना दाखवून आत किती डोस उरले ते बघून घ्या, आणि नवा एक जास्तीचा. बाबांच्या बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या तीन आठवड्यांच्या, निम्म्या बाबांच्या खिशातल्या पाकिटात आणि निम्म्या आईच्या पर्समध्ये. बॅगेत एकही नाही. चिठ्ठ्यांचे फोटो मला पाठवा. गाडीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पहिल्या दिवसापुरती, दुसऱ्या दिवशीचं जेवण मी ऑनलाइन मागवेन, बर्थवर येतं. एसीतलं पांघरूण पातळ असतं, आईची शाल हाताशी ठेवा.

गाडी निजामुद्दीनला सकाळी लवकर येते. मी फलाटावर तुमच्या डब्यासमोरच असेन. मी दिसेपर्यंत उतरायचं नाही, आणि बॅगा बाबांनी उचलायच्या नाहीत. आल्याचा चहा थर्मासमध्ये असेल.

घराची किल्ली काकूंकडे द्या, तुळशीला पाणी त्या घालतील, मी त्यांच्याशी बोलले आहे. पत्र मिळालं की फोन करा, आणि "बघू" म्हणू नका.

तुमची,
मनू