त्या तिसऱ्या रात्रीबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

काल आई फोनवर म्हणाली, कुणी भेटायला आलं की बाबा आतल्या खोलीत जाऊन पडतात. का, ते मला कळलं. बायपासनंतर तिसऱ्या रात्री आयसीयूत तुम्ही सलाईनची नळी ओढलीत, नर्सबाईंना चोर म्हणालात, मला ओळखलं नाहीत. हे कुणीतरी तुम्हाला हसत सांगितलं आणि तेव्हापासून तुम्ही मिटून गेलात.

बाबा, ते वेड नव्हतं. डॉक्टर त्याला डेलिरियम म्हणतात. ऐंशीच्या पुढे हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं की असा भ्रम पुष्कळांना होतो. भूल, दुखणं, तुटलेली झोप, रात्रंदिवस जळणारे दिवे. त्यात तुमचा चष्मा आणि कानाचं यंत्र हरवू नये म्हणून मीच पर्समध्ये घालून ठेवलेलं. धड दिसत नाही, ऐकू येत नाही, माणूस घाबरणारच. ही चूक माझ्या मनातून जात नाही. सकाळी दोन्ही लावून दिलं, तासाभराने तुम्ही विचारलंत, "तुझी आई जेवली का?" तेव्हा मी बाहेर जाऊन रडले.

आई, तू त्यांना पाण्याचा पेलाही उचलू देत नाहीस. छातीचं हाड तारांनी बांधलंय. ते जुळायला सहा ते आठ आठवडे, या वयात जास्तही लागतात. म्हणून बादली उचलायची नाही, हातांवर जोर देऊन उठायचं नाही, खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. पण चालायला मनाई नाही. पडून राहिलं तर पायांतली ताकद फार लवकर जाते. पलंगाच्या कडेला जरा बसू दे, चक्कर येत नाही ना बघ, मग तुळशीपर्यंत जाऊन यायचं, दिवसातून तीन-चार वेळा.

रोज सकाळी वजन वहीत लिही. आठवड्यात दोन किलो वाढलं, धाप लागली किंवा टाक्यांतून पाणी आलं तर माझ्या फोनची वाट न बघता डॉक्टरांना कळव. तोंडाला चव नाही म्हणतात, तर ताट भरून वाढू नकोस. मऊ वरणभात, अंडं, थोडं थोडं. आणि रात्रीसाठी मावशी ठेवूच. तूही अठ्ठ्याहत्तरची आहेस.

शनिवारी येतेय. यंत्राचे नवे सेल आणते. बाबा, संध्याकाळी आप्पाकाकांना बोलावू, तुम्ही ओसरीवर बसा. मी शेजारीच असेन.

तुमची,
ताई