तळमजल्यावरच्या काकूंना

प्रिय काकू,

तोंडावर आभार मानले की तुम्ही "पुरे गं" म्हणत चहा टाकायला उठता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा स्पॅनिश सोडायच्या बेतात होते. कामावर मेक्सिकोच्या एका ग्राहकाला 'फाइल ठेवली' असं सांगताना मी 'पोनेर' म्हणजे 'ठेवणे'चं सरळ चुकीचं 'पोनी' करून टाकलं होतं. तो बिचारा हसला नाही, पण क्षणभर गप्प झाला. ते जास्त लागलं.

तुम्ही क्रियापदांच्या रूपांचा तक्ता काढलाच नाहीत. विचारलंत, "'कर'चं 'केलं' का होतं? 'जा'चं 'गेला' कुठून आलं?" मी काय सांगणार! तुमचा नातू शेजारीच 'मी करलं, मी करलं' म्हणत नाचत होता. स्पेनमधली लहान मुलंही 'मला माहीत आहे'साठी 'से' न म्हणता 'साबो' म्हणतात, आणि नियमाने पाहिलं तर चूक त्यांची नाही, असं तुम्ही म्हणालात. त्या संध्याकाळी माझी निम्मी भीती गेली.

'पोदेर' म्हणजे 'शकणे'. 'मी'साठी त्याचं 'पुएदो' होतं, पण 'आम्ही' आलो की 'पोदेमोस'. मी वैतागले तेव्हा तुम्ही 'पूल' आणि 'पुलावर' लिहून दाखवलंत. कारण दोन्हीकडे वेगळं. तिकडे अशा क्रियापदांत जोर 'ओ'वर पडला की त्याचा 'उए' होतो. पण शेपूट बदलली की पोटातला स्वर बदलतो, हे माझ्या हाताला शाळेपासून ठाऊक होतं.

आणि भूतकाळ! 'पुसे' म्हणजे मी ठेवलं, 'सुपे' म्हणजे मला कळलं. "सुपे कोण पुसे?" हे तुमचं वाक्य मी लोकलमध्ये पुटपुटते, लोक बघतात. अशीच आणखी रूपं तुबे, एस्तुबे, पुदे, इसे, किसे: मुळं तेवढी पाठ करायची, शेवट सगळ्यांना जवळपास सारखेच. 'अब्ले'चा (मी बोलले) जोर शेवटी, 'पुसे'चा सुरुवातीला, हे तुम्ही टेबलावर चमचा आपटून शिकवलंत. 'आंदार'चं (चालणे) 'आंदुबे' मला जमेना, तेव्हा 'आंदे' म्हणून चुकणारे स्पॅनिश लोकही खूप आहेत, हे सांगून तुम्ही मला जी सूट दिलीत, ती मी अजून वापरते.

'फुई'वर मात्र आपलं भांडण मिटलेलं नाही. 'असणे' आणि 'जाणे' या दोघांना एकच भूतकाळ, ही मला अजूनही कंजुषी वाटते. पुढे 'आ' (म्हणजे 'ला', 'कडे') आला की बहुतेक वेळा 'गेले' समजायचं, एवढं मान्य.

मागच्या सोमवारी त्याच ग्राहकाला मी न अडखळता 'पुसे' म्हटलं. तो काहीच बोलला नाही, सरळ पुढच्या कामाकडे वळला. फोन ठेवून मी एकटीच हसत बसले.

आता सबजंक्टिव्ह, म्हणजे इच्छा-शंका सांगणारी रूपं, सुरू करायचं म्हणता. 'इर'चं (जाणे) तिथे 'बाया' होतं, हे मी चोरून बघून ठेवलंय. गुरुवारी येते. चहा मी टाकीन.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची