अक्काच्या मनगटाचा दोरा सोडून ठेवणाऱ्या सिस्टरना

सिस्टर, नमस्कार.

तुमचं आणि तुमच्या दवाखान्याचं नाव कुठं लिहायचं नाही, असं तुम्ही फोनवर बजावलंत, म्हणून नुसतं सिस्टर म्हणते. आभार मात्र चारचौघांत मानणार. अक्काची विटंबना झाली तीही चारचौघांतच झाली होती, आधीच्या दुसऱ्या एका दवाखान्यात, ओपीडीच्या बाकड्यावर, ओळखीपाळखीच्या माणसांसमोर.

तुम्हाला सगळं माहीत आहे, पण वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. मी बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यात आशा सेविका आहे. अक्का माझी थोरली बहीण. ती आणि दाजी दिवाळीच्या सुमाराला टोळीबरोबर ऊस तोडायला जातात, एखाद्या वर्षी कोल्हापूर-सांगलीकडं, एखाद्या वर्षी कर्नाटकात. आमच्याकडं नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, डोक्यावर असते, त्यामुळं आजारी पडलं तरी खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, लागतो. पहाटे अंधारात फडात उतरायचं, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरायची, आडोसा नाही, खोपीवर धुण्यापुरतं पाणी नाही, आणि पाळीचे दिवस त्यातच काढायचे. मग अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, कंबर धरते. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, बाई गावी आली की दवाखाना गाठते. तिथं तिला एकच उत्तर मिळतं.

"पिशवी खराब झालीय. काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल."

हे वाक्य आमच्या जिल्ह्यात किती बायकांनी ऐकलं असेल! 2019 मध्ये बोभाटा झाला तेव्हा सरकारनं आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ऊसतोड करणाऱ्या 82,309 बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यानंतर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खाजगीत पिशवी काढायची नाही असा नियम झाला. अक्काच्या वेळी तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात मी या नियमाचं विचारलं, तर काउंटरवरून उत्तर आलं, "कागदाचं आम्ही बघून घेऊ, तुम्ही पैशाचं बघा." अक्काची पस्तिशीही उलटलेली नव्हती. डॉक्टरांनी सोनोग्राफीचा कागद बघितला आणि दाजींकडं तोंड करून निकाल सांगितला. जिची पिशवी, ती शेजारी उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही. दाखल करून घेताना सलाईनसाठी हात पुढं घेतला, तर मनगटावरचा येडाई देवीचा दोरा आड आला. तिथल्या माणसानं कात्री घेतली, कचकन कापला आणि कापसाच्या बोळ्यांबरोबर बादलीत टाकला. येरमाळ्याच्या चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत मायनं तो बांधला होता. माय आता नाही. अक्का ओरडली नाही, रडलीही नाही, नुसती बादलीकडं बघत राहिली. मी त्या दिवशी तिला तिथून उठवून आणलं. त्या दवाखान्यावर माझा जो राग आहे त्यात पैशाचा राग कमी आणि त्या बादलीचा जास्त आहे.

तुमच्यापर्यंत आम्ही कशा पोचलो ते सोडून देते.

तुम्ही पहिल्यांदा दाजींना बाहेर चहा प्यायला पाठवलंत. मग स्टूल ओढून अक्काच्या समोर बसलात आणि विचारलंत, "बाई, तुला काय होतंय? तुझ्या तोंडून सांग." तिला बोलायला वेळ लागला. तुम्ही घाई केली नाही. तिनं सांगितल्यावर केसपेपरच्या पाठकोऱ्या बाजूला बॉलपेननं चित्र काढलंत. मधे पिशवी, दोन बाजूंना नळ्या, नळ्यांच्या टोकाला बीजकोश, खाली पिशवीचं तोंड. "पांढरं जातंय ते बहुतेक इथल्या जंतुसंसर्गामुळं," म्हणत तुम्ही पिशवीच्या तोंडाशी पेन टेकवलंत. "त्याला गोळ्या आहेत. पिशवी काढायची वेळ कुणावर येतच नाही असं नाही, पण आधी तपासायचं असतं." मग बीजकोशांभोवती गोल केलात आणि सांगितलंत की पिशवीबरोबर हेही काढले तर पाळी जायच्या वयाआधीच शरीर म्हातारपणाला लागतं, हाडं ठिसूळ होतात, अंगातून गरम वाफा निघतात. मी आशा म्हणून इतकी प्रशिक्षणं घेतली, पण बाईला तिचं शरीर असं उलगडून सांगताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. अक्कानं तो कागद घडी करून पोलक्यात ठेवला.

तुमच्या डॉक्टर मॅडमनी पिशवीच्या तोंडाला औषध लावून बघितलं, एक जागा पांढरी दिसली, म्हणून तुकडा तपासायला काढायचं ठरलं. सलाईन लावायची वेळ आली. अक्कानं पहिला दोरा गेल्यावर आत्याकडून दुसरा बांधून घेतला होता, तो दिसला आणि तिनं हात मागं ओढून घेतला. तुम्ही विचारलंत, "कुणाचा आहे?" ती म्हणाली, "येडाईचा." तुम्ही कात्रीला हात लावला नाहीत. वाकून गाठ सोडवायला लागलात. पाण्यानं आवळलेली गाठ, तुमची नखं कापलेली, निघता निघेना. बाहेर दुसऱ्या पेशंटचे नातेवाईक हाका मारत होते. तुम्ही त्यांना "आले" म्हणालात आणि गाठ सोडवत राहिलात. निघाल्यावर दोरा गॉजच्या तुकड्यात गुंडाळलात, तो तुकडा सेफ्टी पिननं स्वतःच्या खिशाला आतून लावलात आणि म्हणालात, "माझ्याजवळ आहे. बाहेर आलीस की बांधते."

आणि बांधलात. ती अर्धवट गुंगीत होती, तरी बांधलात. डाव्या मनगटाला सलाईन होती म्हणून उजव्या हाताला बांधू का, देवीचं काही असतं का डाव्या-उजव्याचं, हेही मला विचारून घेतलंत.

तुमच्या गळ्यात बारीक क्रूस होता. मी तो बघत होते. कारण निघताना गावातल्या दोघातिघांनी मला सांगितलं होतं, "मिशनचा दवाखाना आहे, बहिणीला किरिस्ताव करतील." तिथं राहिलो तितके दिवस तुमच्या तोंडून येशूचं नाव निघालं नाही. एकदा पहाटे ड्यूटी बदलायच्या वेळी तुम्ही औषधांच्या ट्रॉलीजवळ डोळे मिटून उभ्या होतात, ते अक्कानं बघितलं. तिनंच विचारलं, "आमच्यासाठी बी करता का?" तुम्ही म्हणालात, "तुझं नाव घेतलं तर चालेल का? तू नको म्हणालीस तर नाही घेणार." सिस्टर, ऑपरेशनची तारीख ठरवताना ज्या बाईला कुणी विचारलं नाही, तिला तुम्ही प्रार्थनेत नाव घ्यायला परवानगी विचारलीत. ती म्हणाली, घ्या की.

रात्री मी तुमच्याशी बोलत बसायचे त्यातल्या काही गोष्टी इथं लिहिते, तुम्ही रागावणार नाही अशी आशा आहे. पूर्वी तुम्ही एका खाजगी ठिकाणी नोकरीला होतात. तिथं सोनोग्राफीनंतर बाहेर येऊन नातेवाइकांना पेढे की बर्फी ते खुणेनं कळवायचं काम सिस्टरवर ढकललेलं असायचं. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलग्यांमागं 807 मुली निघाल्या. तो आकडा मी सभांमध्ये कितीदा ऐकलाय. पण तो तसा होण्यात कुणाकुणाचे हात लागलेले असतात, हे मला तुमच्याशी बोलल्यावर समजलं. तुम्ही नकार दिलात आणि नोकरी सोडलीत. घरी म्हातारे आईवडील होते आणि पगार पुढं निम्म्यावर आला. हे तुम्ही सांगितलंत तेही मी खोदून विचारलं म्हणून.

गर्भपाताबद्दलही मी विचारलं होतं. माझ्या कामात तशा बायका येतात, कायद्यानं त्यांना हक्क आहे. तुम्ही सरळ सांगितलंत की तुमच्या श्रद्धेत ते बसत नाही, टेबलाजवळ तुम्ही उभ्या राहत नाही, हे वरिष्ठांना आधीच लेखी कळवलेलं आहे. पण अशी बाई आली तर तिला उपदेश करत नाही, ताटकळत ठेवत नाही, ज्या सिस्टर ते काम करतात त्यांच्याकडं स्वतः सोडून येता, आणि नंतर तिला रक्तस्राव झाला, ताप आला, तर रात्रभर तिच्याजवळ बसता. मला तुमचं सगळं पटलं असं नाही. माझ्या मते ती बाई टेबलावर असते तेव्हाच तिला तुमच्यासारखीचा हात हवा असतो. मी तसं बोलले. तुम्ही वाद घातला नाहीत, म्हणालात, "मलाही दर वेळी सोपं जात नाही." श्रद्धेपायी बाईला हिडीसफिडीस करणारी माणसं मी सगळ्या धर्मांत बघितलीत. श्रद्धेचा जाच फक्त स्वतःला करून घेणारी माणसं फार थोडी भेटली.

तुमच्या पणजोबांच्या पिढीची गोष्टही मनात राहिली. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्यात मिशनचं काम सुरू केलं, जवळच बेथेल गाव वसवलं. ज्यांना गावाच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते अशी माणसं त्या काळात ख्रिस्ती झाली, त्यांत तुमचे पूर्वज. तुम्ही म्हणालात, "आमच्या माणसांना कुणी शिवत नव्हतं, म्हणून पेशंटला हात लावताना मला ते आठवतं." आमच्या घरातूनही कधीतरी तसंच वागवलं गेलं असणार. त्या घरातल्या लेकीची गाठ तुम्ही नखं दुखेपर्यंत सोडवत बसलात.

तुकड्याचा रिपोर्ट चांगला आला. कॅन्सर नाही, संसर्ग होता. गोळ्या दोघांना दिल्या, दाजींनाही, आणि त्यांनी का घ्यायच्या ते तुम्ही त्यांना बाजूला नेऊन समजावलंत, त्यांची लाज राखून. दाजी वाईट माणूस नाही, सिस्टर. त्यांनाही आजवर कुणी नीट सांगितलं नव्हतं, घाबरवलं मात्र सगळ्यांनी होतं. पिशवीसाठी मुकादमाकडून जास्तीची उचल घ्यायचं त्यांचं बोलणं झालं होतं, ते त्यांनी मोडलं. ते पैसे अंगावर आले असते तर पुढचे दोन हंगाम त्यातच गेले असते.

अक्का यंदाही तोडीला गेली आहे. ते काही सुटलेलं नाही आणि तुमच्या-माझ्या हातात ते नाही. जाताना कोऱ्या कपड्याच्या घड्या, साबण आणि पाण्याचं वेगळं कॅन घेऊन गेली. टोळीतल्या बायका तिला विचारतात म्हणे, आणि ती तुमचं चित्र दाखवते. कागद घडीवर फाटला म्हणून मी वहीत ते पुन्हा काढून घेतलं. आता घरभेटीला जाताना ती वही माझ्या पिशवीत असते. बीजकोश नळीच्या नेमक्या कुठल्या अंगाला दाखवायचे याबद्दल माझ्या मनात शंका आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला आहे, सवडीनं बघा आणि चुकलं असेल तर दुरुस्त करून पाठवा. पुढच्या महिन्यात वाडीवरच्या एका बाईला घेऊन येते आहे. तिलाही पिशवी काढायची तारीख मिळाली आहे. तुमची दिवसपाळी कधी आहे तेवढं कळवा.

तुमची,
अक्काची धाकटी बहीण