अर्धी राहिलेली शाळा आणि सैनिक

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. अमेरिकेत युद्धापायी शाळा अर्धी राहिलेल्या, आता नव्वदी ओलांडलेल्या माजी सैनिकांना शाळेचं प्रमाणपत्र देतात, तो तुला निव्वळ फोटोपुरता देखावा वाटतो. मला तसं वाटत नाही. का, ते जरा सविस्तर लिहितो.

आधी दुसऱ्या महायुद्धाचा तो काळ आठव. नोव्हेंबर १९४२ मध्ये तिथे सक्तीच्या लष्करभरतीचं वय अठरावर आणलं. त्यांची शाळा बारावीपर्यंत, त्यामुळे शेवटच्या वर्षात असतानाच कित्येक मुलांना अठरा वर्षं पूर्ण व्हायची. काहींनी तर तेवढीही वाट पाहिली नाही, खोटं वय सांगून ती आधीच भरती झाली. परत आलेल्यांसाठी सोयी होत्या, नाही असं नाही. शाळा सुटलेल्या सैनिकांसाठी १९४२ मध्येच जीईडी नावाची समकक्ष परीक्षा तयार झाली आणि १९४४ च्या ‘जीआय बिल’ या माजी सैनिकांसाठीच्या कायद्याने शिक्षणाचा खर्च उचलला. पण लढाईहून आलेला प्रत्येक जण पुन्हा बाकावर बसेल कसा? कुणावर घराची जबाबदारी पडलेली, कुणाचं वय उलटलेलं. ते गिरणीत, शेतावर कामाला लागले आणि शाळेचा विषय तिथेच मिटला.

तो पुन्हा निघाला १९९९ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या गार्डनर नावाच्या छोट्या गावात. अशा सैनिकांना शाळेचं प्रमाणपत्र द्यायच्या त्या उपक्रमाचं नाव ‘ऑपरेशन रेकग्निशन’. मग एकेका राज्याने कायदे केले. आधी दुसऱ्या महायुद्धातले, पुढे कोरिया आणि व्हिएतनामचे सैनिक त्यात आले. साधारणपणे सेवामुक्तीचा कागद दाखवायचा आणि गावच्या शाळेकडे अर्ज करायचा, एवढंच. माणूस हयात नसेल तर बऱ्याच ठिकाणी घरच्यांनाही अर्ज करता येतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्यातली एक गोष्ट मला विशेष आवडली. युद्धकाळात ज्या जपानी वंशाच्या मुलांना शाळेतून उचलून छावण्यांत डांबलं, त्यांनाही त्यात जागा आहे. त्यांनी शाळा सोडलीच नव्हती, सरकारने सोडायला लावली होती.

एका बाबतीत मात्र तुझं पटतं. सत्काराच्या भाषणांत शाळा सोडण्याचंच कौतुक होतं, ते मला खटकतं. कॅल्विन ग्रॅहमचं उदाहरण घे. ऑगस्ट १९४२ मध्ये नौदलात शिरला तेव्हा तो बारा वर्षांचा होता. बारा! पॅसिफिकमधल्या ग्वादलकनाल बेटाजवळच्या लढाईत ‘साउथ डकोटा’ युद्धनौकेवर तोंडावर गोळ्याचे तुकडे लागले, तशाही अवस्थेत तो इतर जखमींना मदत करत राहिला. वय उघडकीस आल्यावर आधी कोठडी, मग बडतर्फी, आणि पदकंही काढून घेतली. शाळेत परत गेला, पण टिकला नाही. सन्मानाने सेवामुक्ती मिळायला १९७८ उजाडलं. जखमी सैनिकांना देतात ते ‘पर्पल हार्ट’ १९९४ मध्ये दिलं गेलं आणि तो तर १९९२ मध्येच वारला होता. अशा पोराला भरती करून घेणाऱ्यांना कुणी जाब विचारला का?

याउलट जॅक लुकस. चौदाव्या वर्षी वय लपवून मरीन या सैन्यदलात गेला आणि सतरा वर्षं पूर्ण होऊन सहा दिवस होतात न होतात तोच जपानच्या इवो जिमा बेटावर सोबत्यांना वाचवायला हातबॉम्बवर पालथा पडला. जगला, सर्वोच्च पदक मिळवलं आणि नंतर आईला दिलेल्या शब्दाखातर नववीत जाऊन बसला! त्या वर्गात त्याला इतिहास शिकवणाऱ्या मास्तरांची काय गत झाली असेल, या विचाराने मला अजून हसू येतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की त्या कागदावर ‘मानद’ हा शब्द नको. मानद पदवी पाहुण्याला देतात. हे तर त्याच शाळेचे विद्यार्थी होते, पटावर त्यांची नावं होती. आणि समारंभ वेगळा न करता त्या वर्षी पास होणाऱ्या मुलांबरोबरच करावा. म्हणजे शेजारच्या खुर्चीतला अठरा वर्षांचा मुलगा त्यांना दोन प्रश्न तरी विचारील. भाषणं जरा कमी झाली तरी चालतील.

व्हिएतनामला मनाविरुद्ध जावं लागलेल्यांना हा सन्मान नकोसा वाटत असेल तर काय, हा तुझा प्रश्न मात्र अवघड आहे. त्यावर पुढच्या पत्रात भांडू. उत्तराला मागच्यासारखा उशीर लावू नकोस.

तुझाच
मित्र